तुपाचा बार

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या साळोखेकाकांनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी बंदूक हातात घेतली, ही बातमी मराठी मंडळात अशी पसरली की गणपतीच्या जेवणाचं आमंत्रणही कधी इतक्या लवकर पसरलं नसेल. कुणी म्हणालं, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. कुणी म्हणालं, शेवटी कोल्हापूरचं रक्त, उशिरा का होईना उसळलं. खरं कारण कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी साळोख्यांनी सांगितलं नसतं. मुळात ते कमी बोलणारे. त्यात दोन वर्षं घरात बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा होती ती सवयही मोडत चालली होती.

गुरुनाथ साळोखे १९७१ साली अमेरिकेत आले आणि न्यू जर्सीतल्या पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले. पुढे एकोणतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. समोर आलेला भाग मोजायचा आणि त्याच्या कागदावर पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही खोटं माप लिहिलं नाही. वरच्या साहेबाने डोळे वटारले तरी नाही, महिनाअखेर माल अडकून पडला तरी नाही. कारखान्यातले लोक त्यांना मागे 'देवाचा मायक्रोमीटर' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

२००४ च्या जानेवारीत त्यांची बायको अहिल्याबाई गेल्या. मुलगी रुचा सांता क्लाराला, दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन यायचा. औषधं घेतली का, बर्फ कुणी काढला, नातवाशी दोन शब्द, नातवाचं "हाय आजोबा, बाय आजोबा," की झालं. दहाबारा मिनिटांत आटपायचं. मुलगी वाईट नव्हती, तिला तिचं घर होतं, नोकरी होती. पण रविवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी साळोख्यांचा आठवडा संपायचा आणि पुढचा सुरू व्हायला सात दिवस लागायचे.

मग माणसाने उठावं, कुणाकडे जावं. इथेच तर गोची होती. साळोख्यांचा एक नियम होता: काम असल्याशिवाय आणि फोन केल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही.

हा नियम त्यांना अमेरिकेने पहिल्याच महिन्यात शिकवला होता. एका रविवारी संध्याकाळी ते नवी नवरी बरोबर घेऊन, घरी केलेल्या पेढ्यांचा डबा हातात धरून, कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडे सहज म्हणून गेले होते. त्या माणसाने जाळीचं दार न उघडताच विचारलं, "काही बिघडलंय का?" नाही म्हटल्यावर, "मग काही काम होतं का?" तेही नाही म्हटल्यावर त्याने दार वीतभर उघडून डबा आत घेतला, आभार मानले आणि दार लावलं. साळोख्यांचे कान घरी पोचेपर्यंत गरम होते. त्यानंतर पस्तीस वर्षं त्यांनी नियम पाळला. नुसता पाळला नाही, तर नव्याने येणाऱ्या मराठी पोरांना शिकवलाही. गेल्या वर्षी शेजारच्या घरात निमिष आणि रत्ना हे पुण्याचं जोडपं राहायला आलं. पहिल्याच संध्याकाळी दोघं वाटीत शिरा घेऊन दारात उभी राहिली, तर काकांच्या तोंडून आपसूक निघालं, "काही काम होतं का?" रत्नाचा चेहरा पडला. तेव्हापासून ती दोघं फोन करून येत, म्हणजे फारशी येत नसत.

लॉइड हॅस्किन्स हा साळोख्यांच्या कारखान्यातला टूलरूमचा माणूस, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. १९८३ च्या हिवाळ्यात त्याने ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग मागवले आणि जेवणाच्या सुट्टीत ती बंदूक जुळवायला घेतली. नळी तयार होती, बाकी सगळं घासून बसवायचं होतं. साळोखे डबा खाऊन झाला की त्याच्या बाकाशी उभे राहायचे आणि कुठे किती थाऊ, म्हणजे इंचाचे किती हजारावे भाग, घासायचं ते मोजून सांगायचे. जवळजवळ तीन महिने हे चाललं. बंदूक झाली, आणि दर डिसेंबरात लॉइड हरणाच्या मांसाचं एक पुडकं पांढऱ्या कागदात बांधून साळोख्यांच्या बाकावर ठेवू लागला. अहिल्याबाई त्याचा तांबडा रस्सा करायच्या आणि डबाभर लॉइडला पाठवायच्या. लॉइडची बायको त्यात दूध घालून खायची म्हणे. वीस वर्षं हा व्यवहार चालला. साळोख्यांनी मात्र त्या बंदुकीचा एक बारही कधी काढला नव्हता.

२००६ च्या जुलैत लॉइडचा फोन आला. त्याची बायको चार वर्षांपूर्वीच वारली होती. आता दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसायचं नाही. त्यामुळे शेत विकलं होतं, आणि जानेवारीत मुलगी कॅरल त्याला ॲरिझोनाला नेणार होती.

"एक हंगाम उरलाय, गुरू," तो म्हणाला. "मला माझ्या जागी एकदा बसायचंय. हरीण तू मार. तुझे डोळे चांगले आहेत."

साळोखे म्हणाले, मी आयुष्यात माशीपलीकडे काही मारलेलं नाही. लॉइड म्हणाला, शिकशील. पण त्याची एक अट होती. पन्नास यार्डांवर कागदी ताट लावायचं आणि त्यात ओळीने तीन बार बसवायचे. ते बसले नाहीत तर शिकार नाही. जखमी होऊन झाडीत जाऊन मरणारं हरीण त्याला त्याच्या जमिनीवर नको होतं. हंगाम डिसेंबरात होता, तोवर दर शनिवारी यायचं आणि बंदूक नेमाला बसवायची.

"बंदूक बसली की तुझी सुट्टी," लॉइड म्हणाला. "मग एकदम हंगामालाच ये."

साळोख्यांनी होकार दिला. त्यांना हरणात रस नव्हता. त्यांना शनिवारचं काम मिळालं होतं. बंदुकीच्या परवान्यासाठी पोलिसांकडे जाऊन बोटांचे ठसे दिले, शिकारीच्या वर्गात नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर बसून परीक्षा दिली, त्यात पहिले आले. रुचाला सांगितलं तर ती फोनवर किंचाळलीच. "बाबा, गन? Are you okay? मी येऊ का तिकडे?" ये म्हणावंसं फार वाटलं, पण तिला कामं होती. "ठीक आहे गं मी," ते म्हणाले.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी साळोखे पन्नास मैल गाडी चालवून लॉइडच्या शेतावर पोचले. परसात लाकडी टेबल, टेबलावर वाळूची पिशवी, समोर गवताच्या गठ्ठ्यावर टाचलेलं कागदी ताट. लॉइडने खुर्ची शेजारी ओढली आणि डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, बंदूक कशी भरायची ते दाखवलं. आधी मोजून दारू ओतायची. मग तोंडावर वंगण लावलेली कापडाची चकती, तिच्यावर शिशाची गोळी, आणि गजाने ती थेट तळापर्यंत ठासायची. शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी. हे सगळं एका बारासाठी, चुकला तर परत पहिल्यापासून.

वंगणाच्या डबीशी गाडी अडली. साळोख्यांनी वास घेतला आणि विचारलं, यात काय आहे? लॉइड म्हणाला, गाईची चरबी आणि मेण. साळोख्यांनी डबी खाली ठेवली. शाळेत सत्तावन्नच्या काडतुसांचा धडा त्यांनी इतक्या वेळा पाठ केला होता की बंदूक आणि गाईची चरबी एकाच टेबलावर बघून त्यांना हसूच आलं. हसू आलं तरी बोट काही डबीत गेलं नाही. लॉइडला त्यांनी तो सगळा धडा ऐकवला. तो मांडीवर थाप मारून हसला.

"बरं बाबा, बंड करू नकोस. तुझ्या गाईला चालेल ते लाव. पण जे लावशील ते दर वेळी तेच लाव."

दर वेळी तेच, हे इन्स्पेक्शनच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढच्या शनिवारी साळोखे स्टीलच्या डबीतून साजूक तूप घेऊन आले. अहिल्याबाई गेल्यानंतरही ते महिन्याला घरी तूप कढवत. एकट्या माणसाला एवढं तूप लागत नाही, पण दोन तास घराला वास यायचा.

तुपाचे बार मात्र काही केल्या जमेनात. एक वर, एक खाली, एक ताटाच्या बाहेर. मधूनच एखादा असा फुसका निघायचा की गोळी गठ्ठ्यापर्यंत पोचली हेच नवल. साळोखे प्रत्येक भोकाचं माप घेऊन वहीत लिहायचे, वेळ लिहायचे, हवा लिहायचे आणि लॉइडला मोठ्याने वाचून दाखवायचे. लॉइडला ताट दिसत नव्हतं, साळोखे सांगतील तेच त्याला दिसायचं.

"माशी घासू का?" साळोख्यांनी विचारलं. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचं पितळेचं बोंड, नेम धरायचं. ते घासलं की गोळी वर लागते.

"मुळीच नाही. पितळ एकदा घासलं की परत चढत नाही. आधी तिन्ही बार एका जागी येऊ देत. मग ती जागा कुठेही असो, माशी घासून मधोमध आणू."

बारा वाजले की आत जायचं. लॉइड अंदाजाने कॉफी ओतायचा, कपाच्या आत बोट धरून, बोटाला चटका बसला की थांबायचा. मग कारखान्यातल्या लोकांच्या गोष्टी निघायच्या. त्यातले निम्मे मेलेले होते, पण दोघांच्या बोलण्यात ते अजून सुट्ट्या मागत होते, मशीन बिघडवत होते, फोरमनशी भांडत होते. साळोख्यांना आपला आवाज घुमल्यासारखा वाटायचा, इतके दिवस तो वापरलाच नव्हता. चार वाजता निघताना लॉइड अंगणापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "पुढच्या शनिवारी बघू."

त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं शनिवारी आलं. सकाळी रत्ना फोन करून फराळाचं ताट देऊन गेली. साळोख्यांनी त्यातल्या चकल्या आणि करंज्या डब्यात भरल्या आणि दिवाळीचे बार काढायला लॉइडकडे गेले. त्या दिवशी एकाएकी थंडी पडली होती. डबीतलं तूप दगडासारखं घट्ट, खरवडून काढावं लागलं. आणि पहिला बार ताटात मधोमधच्या जरा खाली बसला. दुसराही तिथेच. मग साळोख्यांनी तूप मऊ व्हावं म्हणून डबी गाडीत हीटरसमोर ठेवली, आणि तिसऱ्यापासून परत सगळी दाणादाण.

मंगळवारी ते स्वयंपाकघरात वही उघडून बसले. मापांवरून बोट फिरवता फिरवता थांबले. उठून एका चकतीला पातळ तूप लावलं आणि ती टिपकागदावर ठेवली. दहा मिनिटांत कागदावर रुपयाएवढा डाग पसरला. झालं, सापडलं! वितळलेलं तूप चकतीतून खाली झिरपत होतं आणि दारू भिजवत होतं. कधी थोडी, कधी जास्त, जशी हवा असेल तसं. बंदुकीत काही खोट नव्हती. त्यांनी लगेच जाऊन मधाच्या पोळ्याचं मेण आणलं, एरंडेलात विरघळवलं, बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डबीत ओतलं. चकतीला लावून परत कागदावर ठेवलं. तास झाला तरी डाग नाही.

साळोख्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू! लॉइडला सांगायला त्यांनी फोन उचलला, चार आकडे दाबले आणि थांबले.

येत्या शनिवारी हे मेण लावलं की बंदूक बसणार. बंदूक बसली की तुझी सुट्टी, असं लॉइड म्हणाला होता. मग शनिवारी काय सांगून जायचं? हंगाम लागायला अजून दीड महिना होता, आणि हंगाम संपला की लॉइडच राहणार नव्हता. त्यांनी फोन ठेवला. पॉलिशची डबी गाडीच्या खणात गेली, आणि खणाचं झाकण त्यांनी दोनदा दाबून बंद केलं.

पुढचं सांगायला मला जरा जड जातं. ज्या माणसाने एकोणतीस वर्षांत एक खोटं माप लिहिलं नाही, त्याने आताही लिहिलं नाही. लॉइडला वाचून दाखवलेला प्रत्येक आकडा खरा होता. दोन इंच वर, खरं. पाच इंच उजवीकडे, खरं. फक्त तुपाची डबी ते आता कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवू लागले. नोव्हेंबरच्या थंडीत बाहेर ठेवली असती तर तूप घट्ट राहिलं असतं आणि बार नीट लागले असते. बरं, सगळं त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं. हंगामाच्या आदल्या शनिवारी पॉलिशची डबी काढायची, तीन बार एका जागी आणायचे, माशी घासायची, आणि लॉइडला त्याच्या जागी नेऊन बसवायचं. लॉइडचं हरीण कुठे जात नव्हतं. आपण मधले पाच-सहा शनिवार तेवढे घेतोय, एवढंच. रात्री झोप लागायची, पण खिशातली डबी काढून कपाटात ठेवताना ते तिच्याकडे बघायचे नाहीत.

लॉइड खुर्चीत बसून ऐकायचा. पहिल्यांदा हसायचा, मग कमी हसायला लागला. एकदा त्याने बंदूक मांडीवर घेतली आणि नळीवरून हात फिरवत बसला. "तेवीस वर्षं झाली हिला," म्हणाला. "हिचीही नळी संपली असेल." साळोख्यांनी वहीत तारीख घातली आणि पुढचा बार भरायला घेतला.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या बुधवारी फोन वाजला. बोलणारी कॅरल होती. लॉइड मागच्या पायऱ्यांवरून पडला होता. कंबर वाचली, उजवं मनगट मोडलं. आता जानेवारीपर्यंत त्याला एकटं ठेवणं शक्य नव्हतं, रविवारच्या विमानाने ती त्याला नेणार होती. "शनिवारी तुम्ही येता, असं डॅड म्हणाले," ती म्हणाली. "भेटून जा."

हंगाम सुरू व्हायला बारा दिवस होते.

शनिवारी घरात खोकी भरलेली होती. लॉइड हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, तरी कोट घालून मागच्या दारात उभा. त्याने साळोख्यांना आत येऊच दिलं नाही, सरळ परसात नेलं. टेबलावर बंदूक काढून ठेवलेली होती.

"कॅरल विचारत होती हिचं काय करायचं," तो म्हणाला. "मी म्हटलं, भंगारात दे. सात शनिवार झाले, गुरू. तुझ्यासारख्या माणसाच्या हातात जी जुळत नाही, ती आता कुणाच्याच हातात जुळणार नाही. नाहीतरी माझंच घासकाम. तेव्हाच कुठेतरी चुकलं असेल."

चांगल्या मालावर रिजेक्टचा शिक्का बसत होता, आणि तो साळोख्यांनीच मारला होता. ते गाडीपाशी गेले, खणातून पॉलिशची डबी काढली आणि येऊन बंदूक भरायला लागले. लॉइडने मान तिरकी केली.

"वास वेगळा आहे," तो म्हणाला.

"मेण आणि एरंडेल."

पहिला बार निघाला, दुसरा, तिसरा. प्रत्येकाचा आवाज सारखा, भरीव. धूर निवळला तसे साळोखे चालत जाऊन ताट काढून घेऊन आले आणि लॉइडच्या डाव्या हातात दिलं. लॉइडने कागदावरून अंगठा फिरवला. वरून खाली आणला आणि मध्याच्या तीन इंच खाली तो थांबला. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली, तिन्ही मिळून त्याच्या अंगठ्याखाली झाकली जात होती. नुसती माशी घासायची बाकी होती. वीस मिनिटांचं काम.

"कधीपासून माहीत होतं?" लॉइडने विचारलं.

"दिवाळीपासून. चकल्या आणल्या होत्या, त्याच आठवड्यापासून."

लॉइड हिशेब करत राहिला. घरातून कॅरलने चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला.

"मला एकच हंगाम उरला होता, गुरू."

"माहीत होतं."

"मग का?"

साळोख्यांना वाटलं होतं, वेळ आलीच तर सांगायला कितीतरी आहे. आता आठवलं ते एवढंच. "तूच म्हणाला होतास, बंदूक बसली की सुट्टी. मग मी काय सांगून आलो असतो?"

लॉइडने तोंड त्यांच्याकडे वळवलं. नेहमीसारखं थोडं बाजूला बघत, कारण समोरचं त्याला दिसत नव्हतं. कारखान्यातल्या इतक्या वर्षांत तो साळोख्यांवर कधी चिडला नव्हता. आता चिडला.

"काय सांगून? अरे, तुला दर आठवड्याला पन्नास मैलांचा त्रास नको म्हणून म्हणालो होतो मी ते! शनिवारी आठ वाजल्यापासून खिडकीत बसायचो. तुझ्या गाडीचा आवाज वळणावरूनच ओळखायचो. नुसता आला असतास तरी कॉफी होतीच की!"

चुकलं म्हणावं तर शब्द फार छोटा होता. साळोखे टेबलावरची वाळू हाताने गोळा करत राहिले. थोड्या वेळाने लॉइडने ते ताट एका हाताने दुमडलं, दुमडेना तेव्हा टेबलाच्या कडेवर दाबून दुमडलं, आणि कोटाच्या खिशात घातलं.

"बंदूक घेऊन जा," तो म्हणाला. "माशी घास. पन्नास थाऊच्या वर जाऊ नकोस." मग त्याने डावा हात पुढे केला. साळोख्यांनी तो दोन्ही हातांत धरला. पुढच्या शनिवारी बघू, असं कुणी म्हणालं नाही.

त्यानंतरचा शनिवार उजाडला. हंगामाआधीचा शनिवार, ज्या दिवशी पॉलिशची डबी निघायची होती. साळोखे सवयीने सहाला उठले, आंघोळ करून कोट घातला, आणि मग कोट घालून कुठे जायचं ते आठवेना म्हणून तळघरात गेले. बंदूक व्हाइसच्या जबड्यात आवळली, कानस हातात घेतली. पन्नास थाऊ. डोळे मिटूनही घासलं असतं, आयुष्य त्यातच गेलेलं. पण हात हलेना. कुणासाठी घासायची? ते कानस धरून बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि मग, घरात कुणी नव्हतं म्हणून, मोठ्याने रडले. लॉइडला न मिळालेल्या हरणासाठी रडले, खिडकीत बसलेल्या लॉइडसाठी रडले, आणि पस्तीस वर्षं कुणाकुणाच्या खिडकीत आपली वाट बघितली जात होती का, हे आता कधीच कळणार नाही म्हणून रडले.

साडेनऊ वाजले होते. लॉइडकडे पहिला बार भरायची वेळ. त्यांनी कानस खाली ठेवली, तोंड धुतलं. फोन भिंतीवर होता. त्याच्यासमोरून ते दोनदा गेले. मग फोनला हात न लावता पुढचं दार उघडून बाहेर पडले, हिरवळीवरचा बर्फ तुडवत शेजारच्या घरापर्यंत गेले आणि घंटी दाबली. दाबल्यावर हात खिशात घातला, काढला, परत घातला.

रत्नाने दार उघडलं. अंगात घरातले कपडे, केस विस्कटलेले, हाताला पोळीचं पीठ. काकांना बघून तिचा चेहरा घाबराघुबरा झाला.

"काका? काय झालं? सगळं ओके आहे ना? निमिषला बोलवू का?"

साळोख्यांच्या जिभेवर तीन कारणं एकदम आली. ड्रिलचं पान हवं होतं. इंटरनेट चालत नाही. फराळाचं ताट परत करायचं राहिलं. तिन्ही चालण्यासारखी होती, आणि तिसरं तर खरंही होतं.

"काही नाही झालं," ते म्हणाले. "काही काम नाही गं. सहज आलो."

रत्ना त्यांच्याकडे बघत राहिली. मग कोपराने दार ढकलून तिने ते पूर्ण उघडलं.